हौसाने आणलेलं एरंडेल

खाडीच्या काठी, मिठाच्या पांढऱ्याशुभ्र ढिगांमागे हौसाची इवलीशी झोपडी होती. तिची आई मिठागरात राबायची. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून आईच्या पायांना खोल भेगा पडल्या होत्या. त्या दिवशी तर तिला पाऊल टेकवेना.

"उद्या गेले नाही, तर मुकादम दुसरी बाई ठेवील गं," आई कण्हत म्हणाली.

चिमुकली हौसा काय करणार? तापात तिचे सगळे केस गळाले होते, म्हणून डोक्याला सदा फडकं बांधलेलं. ती काटक्या वेचायला एरंडाच्या बनात गेली आणि तिथंच बसून मुसमुसू लागली.

तोच हिरवी हिरवी पानं लखलखली. लालसर देठावरून एक नाजूक परी अलगद उतरली. पंख एरंडाच्या पानांसारखे पसरलेले, गळ्यात ठिपकेदार बियांची माळ!

"रडू नकोस, राणी. एकच इच्छा माग. तुला केस देऊ? काळेभोर, कमरेपर्यंत?"

हौसाचा हात फडक्याकडे गेला. केस तिला हवे होते, फार हवे होते. पण ती म्हणाली, "माझ्या आईचे पाय बरे कर."

परीने पानांच्या द्रोणात सोनेरी, दाट एरंडेल ओतलं. "सूर्य बुडायच्या आत लाव. आणि जप हं, पहिला थेंब ज्याच्या अंगाला लागेल, तेल त्याचंच होईल, त्यालाच बरं करील."

हौसा जपून निघाली. सूर्य लालबुंद होऊन खाली खाली सरकत होता. बांध निसरडा झालेला. अर्ध्या वाटेवर द्रोण चिरला! तळाशी टपोरा थेंब लोंबू लागला. खाली तळवा धरावा, तर तेल तिचंच होणार. डोक्यावर केस येतील, पण आई?

हौसाने झटकन डोक्याचं फडकं ओढलं आणि द्रोणाखाली धरलं.

"टकली! टकली!" बांधावर खेळणारी पोरं ओरडली. हौसाचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता. फडकं भिजत चाललं होतं, ओल तिच्या बोटांकडे सरकत होती. कोरडी टोकं चिमटीत धरून ती धावत सुटली.

झोपडीत शिरली तेव्हा सूर्याची केशरी कड तेवढी उरली होती.

"अगं, अशी उघड्या डोक्यानं..."

"आई, पाय पुढे कर! लवकर!"

तिने फडकं उलटं केलं. टप्! थेंब टाचेवर पडला. मग हौसा दोन्ही हातांनी तेल चोळत राहिली. भेगा हळूहळू मिटल्या, टाचा मऊ मऊ झाल्या. आईने टाचा चाचपून पाहिल्या, भरल्या डोळ्यांनी लेकीला जवळ ओढलं आणि आपला तेलकट हात तिच्या डोक्यावरून फिरवला. त्या हाताखाली काळीभोर, रेशमी लव उगवू लागली!

हौसा दचकली. "माझी इच्छा तर संपली होती!"

दारात परी हसत उभी होती. "तेल आईचं झालं होतं, बाळ. तिनं तुला दिलं." तिने ओंजळभर बिया अंगणात टाकल्या. "या पेरा. तोंडात मात्र घालू नका, विषारी असतात. यांच्या तेलात जादू नसेल, पण रोज लावलंत, तर टाचा मऊ राहतील, केस चमकतील."

हिरवासोनेरी उजेड झाला आणि परी त्यात विरून गेली.

आई उठली. भिंतीचा आधार न घेता अंगणापर्यंत चालत गेली, आणि मागे वळून म्हणाली, "ये गं हौसा, अजून जरा उजेड आहे. पेरू या."