नवव्या दिवसाचे तमाल

"पण कच्चे का राहतात, तेवढं सांगा ना आजी!"

फिदेन्सिओने हंड्याचं झाकण पुन्हा उचललं. भसकन वाफ तोंडावर आली. त्याने एक तमाल बाहेर काढला, मक्याचं पान सोललं. आत नुसता पांढरा गिचका.

"बघा! चार तास झाले. चार!"

तोमासाआजी दारातल्या बाकावर टेकल्या होत्या. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या त्या डोंगरी गावात लग्न असो की मयत, तमाल आजींच्याच हातचे. मका चुन्याच्या पाण्यात उकडायचा, वाटायचा, चरबीत फेसायचा, पोटात मिरचीच्या काळ्या वाटणातली कोंबडी भरून पानात बांधायचा आणि वाफवायचा. हे सगळं फिदेन्सिओही लहानपणी आजींकडेच शिकला.

आता तो राजधानीतला नामांकित स्वयंपाकी. त्याच्या हॉटेलात टेबल मिळायला महिना लागतो म्हणे. असेल बुवा. इथे मात्र स्वतःच्या आईच्या चुलीपुढे गडी रडकुंडीला आला होता.

आईला जाऊन आज नववा दिवस. नवव्या दिवशी जीव घराचा निरोप घेतो, असं ते लोक मानतात. संध्याकाळी गाव प्रार्थनेला येणार. पहिला तमाल आईच्या फोटोपुढे ठेवायचा, मग पंगत. फोटोपुढे गुळात मुरवलेला भोपळा होता, चॉकलेटचा फेसाळ पेला होता. मधली थाळी तेवढी रिकामी.

आणि 'आईचे तमाल मी एकटा करणार' असं हा सगळ्यांदेखत बोलून बसलेला. मरताना जवळ नव्हता ना. निदान एवढं तरी हातून व्हावं, म्हणून जीव टाकत होता.

"पीठ नीट फेसलंस?" आजींनी विचारलं.

"पिठाची गोळी पाण्यात टाकून पाहिली. तरंगली."

"खाली पाणी?"

"दोनदा घातलं."

"जाळ?"

"दिसतोय की तुम्हाला!"

तो चुलीपासून खिडकीशी गेला, खिडकीपासून चुलीशी आला. पुन्हा झाकण उचललं. शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, असं आपण म्हणतो. ह्या गृहस्थाला शिजेपर्यंतसुद्धा धरवेना.

"मग एकच उरलं," आजी म्हणाल्या. "स्वयंपाकघरात कुणीतरी रागात आहे. रागावलेलं माणूस चुलीपाशी असलं की तमाल शिजत नाहीत. त्याला बाहेर काढ."

"काढलं की! मावशी म्हणाली, हंड्यापुढे चार पावलं नाच, म्हणजे शिजतील. आईच्या नवव्याला नाचू? तिला काढलं. वहिनी उगाच मीठ चाखत होती, तिला काढलं. एलिसेओला तर सकाळीच हाकलला. सख्खा भाऊ, पण तोंड बघवत नाही त्याचं."

"बरं केलंस. आता आत कोण उरलंय?"

"कुणी नाही. मी एकटाच."

आजींनी नुसती मान डोलावली.

फिदेन्सिओच्या लक्षात यायला वेळ लागला. आलं, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी रागावलेलो नाही!"

हातातला पळा त्याने असा आपटला, की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या.

"बरं," आजी म्हणाल्या.

"खरंच नाही!"

"बरं म्हटलं ना."

देवळात घंटा झाली. प्रार्थनेला दोन तास उरले. गाव येईल, बसेल, आणि उपाशी उठून जाईल. आई रिकाम्या थाळीवरून जाईल. मोठा शेफ म्हणे!

आजी उठल्या. त्यांनी झाकण घट्ट बसवलं. कोपऱ्यात एक बुटकं लाकडी स्टूल होतं, चाळीस वर्षं आई त्यावर बसून मका निवडायची. ते त्यांनी ओढत आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"कुणावर आहे राग?"

"एलिसेओवर," तो चटकन म्हणाला. "एक फोन करता आला नाही त्याला? तीन महिने आजारी होती. तीन महिने! मला कळलं कधी? ती गेल्यावर."

"का नाही केला फोन?"

"म्हणतो, आईने शपथ घातली होती. नवं हॉटेल उघडतोय, त्याच्या डोक्याला ताप नको म्हणून."

"मग रागावलायस कुणावर?"

"माझ्यावर. मीच यायला हवं होतं."

"ते सगळेच म्हणतात. लोकांपुढे बरं दिसतं."

त्याने स्टुलाकडे पाहिलं. पाहिलं आणि नजर काढून घेतली... पुन्हा पाहिलं.

"मेलेल्या माणसावर राग धरतात का आजी?"

"मला काय विचारतोस? मी कुठे मेलेय अजून?"

फिदेन्सिओ आईच्या स्टुलाकडे वळला. आणि असा ओरडला, की अंगणातल्या मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली.

"का नाही सांगितलंस? आं? कोण होतो मी, परका होतो? हॉटेल गेलं असतं खड्ड्यात! आलो असतो मी, तुझे पाय चेपले असते, पेज भरवली असती. तू मला येऊच दिलं नाहीस! तुला कुणी सांगितलं, की मला तुझ्यापेक्षा हॉटेल मोठं आहे म्हणून? कुणी सांगितलं तुला?"

मग तो त्या रिकाम्या स्टुलाशी गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच रडला बिचारा. आजींनी त्याला थोपटलं नाही, की उगी उगी म्हटलं नाही. चुलीत एक लाकूड तेवढं सारलं.

बराच वेळ गेला...

हंडा खदखदत होता. बाहेर बाकं मांडल्याचे आवाज येऊ लागले. फिदेन्सिओने बाहीने नाक पुसलं, धडपडत उठला आणि सवयीने त्याचा हात झाकणाकडे गेला.

आजींनी मनगट धरलं.

"विचारलंस ना तिला? मग आता तिला बोलू दे, हंड्यातून."