दुर्वाचा उजवा हात

“कधीपासून असा आहे?”

“जन्मली त्या मिनिटापासून. सकाळचे अकरा चाळीस. डोकं आलं, खांदा अडकला, ओढून काढावी लागली. घड्याळ समोरच होतं, नानी.”

तेजलनं सात महिन्यांच्या दुर्वाला दर्ग्याच्या ओट्यावर सतरंजीवर निजवलं. उजवा हात बाजूला पडला, वाळत घातलेल्या झबल्याच्या बाहीसारखा.

हमीदाबी नानींनी चाळीस वर्षं गावातली बाळंतपणं केली होती. आता त्या दर्ग्यात नुसत्या बसत.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“शीर ताणलीय म्हणाले. व्यायाम करा, धीर धरा. पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. तिळाचं तेल, दिवसातून तीनदा. माझ्याएवढं कुणी चोळत नसेल.”

“लेक आहे की कणीक?”

तेजलला ते लागलं. “हातात ताकद नको का यायला?”

नानींनी तेजलचंच कोपर धरलं आणि आतल्या खोबणीत टिचकी मारली.

“आई गं!” झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत गेल्या.

“करंगळीला मी हात लावला?”

“नाही.”

“मग तिला कुणी सांगितलं?”

…

“मांसाचे धागे आत बसलेलेच असतात, बेटी. वरून, डोक्यातून, शिरेवाटे हाक आली की उठतात. वाटी उचलायला चौघं उठतात, हंड्याला अख्खी वाडी. हाकच पोचली नाही, तर चोळून काय?”

“मग हाक कुणी मारायची? मी?”

“तिनं.”

नानींनी ओढणी काढली आणि दुर्वाचा डावा हात अंगाशी गुंडाळून टाकला.

“नानी, तो चांगला हात आहे!”

“म्हणूनच.”

त्यांनी आपली जपमाळ दुर्वाच्या उजवीकडे धरली. दुर्वानं भोकाड पसरलं, लालबुंद झाली. तेजलचा हात गाठीकडे गेला.

“घरी खुळखुळा कुठल्या हातात देतेस?”

“डाव्या. उजव्यातून पडतो, मग रडते ना…”

“कोण रडतं? ती की तू?”

तेजलनं हात मागे घेतला.

…

रडून रडून दुर्वा थांबली. माळेकडे टक लावून बघत राहिली. उजवा हात सतरंजीवरून बोटभर उचलला गेला… आणि पडला.

“एवढंच?” तेजल त्या हातावर वाकली.

“डॉक्टरांची तारीख चुकवू नकोस.” नानींनी गाठ सोडली, ओढणी झटकून खांद्यावर घेतली. “आणि तुझ्यासारखी कुणी लेकराचा हात चोळत बसलेली दिसली, तर तिलाही सांग. लेकराला हाक मारू दे, हात बहिरा नाही म्हणावं.”