धार पुढे

दगड, पाती, कातडी सगळी एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. न्हाव्याच्या धोपटीत नवाकोरा वस्तरा आला. नदीतून आणलेल्या म्हाताऱ्या निसण्याने त्याला धार लावून घ्यायला शिकवलं. "माझ्या अंगावर सपाट टेक, धार पुढे कर आणि बिनधास्त ये."

वस्तरा चकाकू लागला. शेवटचा हात फिरवून घ्यायला तो चामड्याच्या मऊ पट्ट्याकडे वळला. "ये बाळा, पण माझ्याकडे येताना पाठ पुढे…" पट्टा सांगतोय तोवर हा धार पुढे करून सुटलासुद्धा.

पट्ट्याचे दोन तुकडे पडले.

वस्तरा थिजला. "हे काय झालं, आजोबा? तुम्ही शिकवलंत तस्संच केलं मी! तुम्हाला तर ओरखडासुद्धा उठला नव्हता!"

निसण्याने पट्ट्याच्या तुकड्यांकडे पाहिलं. "अरे," तो म्हणाला, "मी दगड आहे."