काचेमागच्या तीन हाका

एकदा एका वृद्ध आचार्यांचा एक शिष्य टेलिफोन कचेरीत अधिकारी झाला. आचार्यांनी त्याला विवेक शिकवला होता, कचेरीने नियम शिकवले. नियम जास्त चांगले लक्षात राहिले.

ही तारेच्या फोनच्या काळातली गोष्ट. ऐकू न येणाऱ्यांसाठी कचेरीने एक सोय काढली होती. ग्राहकाने घरच्या यंत्रावर मजकूर टाइप करायचा, कचेरीतल्या मध्यस्थाने तो पलीकडच्याला वाचून दाखवायचा आणि त्याचे बोलणे, हसणे-रडणेही टाइप करून पाठवायचे. मध्यस्थाने एक शब्द गाळायचा नाही की पदरचा घालायचा नाही.

गावात शेवंताबाई नावाची शिंपीण होती, जन्मापासून बहिरी. तिची मुलगी पहिलटकरीण. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केल्यामुळे ती माहेरी न येता सासरीच राहिली होती. तिचा फोन शेजारणीकडे येई. मुलगी अर्धा तास बोले आणि शेजारीण फोन ठेवून हाताने खूण करी, 'बरी आहे.' इतके काटकसरी टिपण मुरलेल्या कारकुनालाही जमले नसते.

शेवंताबाईंनी नव्या सोयीसाठी अर्ज केला. तो तीनदा परत आला. शेरा एकच: 'खातरजमेसाठी शेजारच्या फोनवर बोलावले असता अर्जदार प्रतिसाद देत नाही.' खाली शिष्याची सही.

शेवंताबाई आचार्यांकडे गेल्या आणि त्यांच्यापुढे कागदावर लिहिले, 'तिला नववा लागला आहे. मला माझ्या मुलीशी बोलायचं आहे. शेजारणीच्या तोंडून नाही.'

आचार्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि रविवारी शिष्याला जेवायला बोलावले.

शिष्य आला तर दार बंद. काचेच्या खिडकीत आचार्य दिसले. त्यांचे ओठ हलले, ऐकू काहीच आले नाही. ते आत गेले. असे तीनदा झाले. मग पाटावर बसून ते शांतपणे श्रीखंड खाऊ लागले. शिष्याने दोन्ही हात हलवले, शेवटी दार बडवले. आचार्य हात पुसत आले.

"गुरुजी, हा काय प्रकार? जेवायला बोलावलंत आणि..."

"तीनदा हाक मारली. तू प्रतिसाद दिला नाहीस. मी वहीत लिहून टाकलं, पाहुण्याला भूक नाही."

"बंद काचेआडून मारलीत! मला ऐकू कसं येणार? हात हलवत होतो ते दिसलं नाही?"

"दिसलं की. पण हातवारे ग्राह्य धरावेत असा नियम माझ्याकडे नाही."

आचार्यांनी शेवंताबाईंचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला.

"अरे, भूक तुला होती, जेवण माझ्याकडे होतं. मध्ये फक्त काच होती, आणि ती तू लावली नव्हतीस. तरी शेरा तुझ्या नावावर बसला. या बाईंना ऐकू येत नाही म्हणून तर त्या सोय मागतात, आणि तू त्यांची ऐकण्याचीच परीक्षा घेतोस. आधी काच उघड, मग हाक मार."

शिष्याने अर्ज घडी करून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाला, "श्रीखंड संपलं का?"

"तुझी वाटी झाकून ठेवलीय."

सोमवारी शिष्य स्वतः शेवंताबाईंच्या घरी गेला. त्यांनी कागदावर उत्तरे लिहिली, खातरजमा पाच मिनिटांत झाली. आठवड्याभरात ते यंत्र शिवणयंत्राशेजारी बसले. फोन आला की त्यावर दिवा लागे.

पहिला दिवा लागला तेव्हा कचेरीत मध्यस्थाच्या खुर्चीवर स्वतःहून शिष्यच बसला होता. दवाखान्यातून मुलगी बोलत होती. त्याने टाइप केले, 'आई, मुलगी झाली! नाक अगदी तुझं.'

उत्तर आले. तो वाचू लागला, "नाक माझं असू दे, बोलणं शेजारणीसारखं नको. सगळं सांग, सावकाश सांग. हे सुख दोन महिन्यांपूर्वीच मिळालं असतं, पण कचेरीत एक..."

शिष्य थबकला. पण नियम म्हणजे नियम. घसा खाकरून त्याने खणखणीत आवाजात पुढे वाचले, "कचेरीत एक ठोंब्या अधिकारी बसलाय."

पलीकडे हसण्याचा स्फोट झाला. त्याने टाइप केले, 'तुमची मुलगी खूप हसते आहे. बाळ रडायला लागलं.'

'किती मोठ्याने?' शेवंताबाईंनी विचारले.

शिष्याने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला आणि लिहिले, 'मला इथवर ऐकू येतंय.'

मायलेकी अर्धा तास बोलल्या. शिष्याने त्यात एका शब्दाचीही काटकसर केली नाही.