सातव्या खुंटीवरचा लगाम

फार जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्याच्या पागेत भिंतीवर सात खुंट्या होत्या आणि प्रत्येकीवर एकेक लगाम. पहिल्या लगामाची कडी, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसतो तो लोखंडी तुकडा, सगळ्यांत हलकी होती. सातवी सगळ्यांत जड आणि वर दातेरी. रिवाज असा, की लगाम खेचल्यावर घोड्याने मान झटकली, तर त्याला पुढच्या खुंटीवरचा लगाम चढवायचा. रिवाज बापजाद्यांचा, त्यामुळे तो बरोबर की चूक हे कुणी विचारत नसे. आपण तरी कुठे विचारतो म्हणा!

त्या पागेत शेवंती नावाची एक बदामी घोडी होती. तिची आई ती लहान असतानाच गेली. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने तिला हाताने दूध पाजून वाढवलं होतं. त्याचं पाऊल वाजलं, की ती खिंकाळायची आणि गुळासाठी त्याची कंबर हुंगत बसायची. असा गुणी जीव. पण लगाम जरा ताणला, की मान थेट आभाळाकडे! बघता बघता ती सातव्या खुंटीपर्यंत पोचली. तोंडाच्या फेसात लाल झाक दिसू लागली.

राजा वैतागला. म्हणाला, "दसऱ्याला मी हिच्यावर बसून सीमोल्लंघनाला जाईन. नीट चालली तर ठीक. नाहीतर मीठवाल्यांच्या तांड्याला देऊन टाका."

तांड्यातल्या घोड्याची पाठ दोन वर्षांत मोडते, हे मोतद्दाराला ठाऊक होतं. शेवटी तो घोडीला घेऊन गावच्या लोहाराकडे गेला.

"आजोबा, याहून कडक कडी घडवून द्या."

"कडक कशाला रे?"

"मान झटकते. फार हट्टी आहे."

"बरं. पण का झटकते? तोंडात हात घालून पाहिलंस कधी?"

लोहाराने हात धुतले, घोडीला चुचकारलं आणि हलकेच अंगठा आत घातला.

"अरे, हिची जीभ जाड आहे आणि टाळू खाली आलाय. तुमच्या सगळ्या कड्या मधे सांधलेल्या. लगाम खेचला, की सांधा दुमडतो आणि टाळूत रुततो. म्हणून ही मान झटकते, आणि तुम्ही कडी आणखी जड करता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!"

मोतद्दाराने घोडीच्या मानेवर डोकं टेकलं. "तुला लेकरासारखं वाढवलं," तो म्हणाला, "आणि एवढंही पाहिलं नाही गं मी." आणि तो रडला.

लोहाराने नवी कडी घडवली. बिनसांध्याची, गुळगुळीत, जिभेला जागा मिळावी म्हणून मधे किंचित कमान दिलेली, तोंडाच्या मापाची.

दसरा उजाडला. घोड्यांना झेंडूच्या माळा घातल्या, पूजा झाली. राजा शेवंतीवर बसला आणि सवयीने लगाम खस्सकन खेचला. घोडीने मान झटकली.

"पाहिलंत? हट्टी ती हट्टीच!" राजा ओरडला.

मोतद्दार पुढे झाला. "महाराज, खाली उतरा. ही कडी एकदा तुमच्या मुठीत धरा. एवढंच मागतो."

राजाला नवल वाटलं, पण तो उतरला. मोतद्दाराने घोडीच्या तोंडातून कडी काढून दिली. त्याने कडी मुठीत धरली आणि मोतद्दाराने लगाम राजासारखाच खेचला.

"अरे, हळू! बोटं मोडशील!"

"तीही हेच म्हणत होती, महाराज. तिला बोलता येत नाही एवढंच."

राजाने बोटं चोळली, मग घोडीकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला. मोतद्दाराने लगाम परत चढवला. राजा पुन्हा बसला आणि या वेळी लगाम असा धरला, जणू मुठीत चिमणीचं पिल्लू आहे. शेवंतीने कान हलवले, मान खाली घेतली, कडी चघळली आणि झुलत निघाली. सीमेपलीकडे जाऊन आली, तरी तिने एकदाही मान झटकली नाही.

दुसऱ्या दिवशी राजाने पागेतल्या सातही खुंट्या उपटून टाकल्या. तेव्हापासून त्या राज्यात नवा लगाम आधी स्वाराच्या मुठीत देत आणि मगच घोड्याच्या तोंडात.

तात्पर्य: ज्याला हट्टी म्हणून आवळायला निघालो, त्याला कुठे टोचतंय ते आधी पाहावं.