खाऱ्या विहिरीची शाई

एकदा एका खाडीकाठच्या गावात पोथ्यांसाठी शाई करणारे एक वृद्ध गुरुजी राहत. ज्ञान मोठे, आणि खोड्या त्याहून मोठ्या. डोंगरावरून गेनू नावाचा शिष्य त्यांच्याकडे आला. गावी तो झऱ्याच्या पाण्यात काजळ आणि नखभर डिंक घोटून अशी शाई करी, की लेखणी कुठे अडायची नाही.

इथे मात्र विपरीत घडू लागले. विहिरीच्या पाण्यात शाई घोटावी, तर घटकाभरात काजळाचे कण गोळा होऊन तळाशी बसत. वर नुसते मळकट पाणी. गुरुजी डोकावून म्हणत, "वा! आज शाई केलीस की नाचणीची आंबील?" गेनू ओशाळे आणि दुप्पट जोराने घोटी.

नवव्या दिवशी त्याने गाठोडे बांधले. "येतो गुरुजी. माझा हातच गेला. आता मोळ्या विकीन."

गुरुजींचे हसू मावळले. त्यांनी आपली काळीभोर, तयार शाई आणली आणि तिच्यात विहिरीचे दोन पळ्या पाणी ओतले.

"अहो, काय करता हे! उद्या द्यायची होती ना ती?"

बघता बघता तिचाही गाळ झाला.

"आता सांग, माझाही हात गेला का?" गुरुजी म्हणाले. "ही तुझ्याच रीतीने केली होती, नखभर डिंकात. फक्त पाणी पावसाचे, रांजणातले. गोड्या पाण्यात काजळाचे कण एकमेकांपासून अंतर राखून तरंगतात. मीठ आले की ते अंतर राहत नाही. ते चिकटतात, जड होतात, बुडतात. यात तुझ्या हाताचा काय दोष? दोष या म्हाताऱ्याचा. विहीर खारी आहे हे पहिल्याच दिवशी सांगायचे, तर फजिती बघत बसलो. मजा आली रे, खोटे कशाला बोलू! पण तू एवढा खचशील असे वाटले नाही."

"मग इथल्या पाण्यात शाई होतच नाही?"

"होते की! आधी काजळ भरपूर डिंकात घोट. कणाकणाला डिंकाचा अंगरखा चढला, की मिठाचे काही चालत नाही. घे खल."

गेनूने दुपारभर घोटले, मग विहिरीचे पाणी घातले. घटका गेली, दोन गेल्या. गाळ बसला नाही. गेनूने शाईत बोट बुडवले आणि गुरुजींच्या नाकाच्या शेंड्यावर ठसठशीत ठिपका दिला.

गुरुजींनी तो रात्री झोपेपर्यंत पुसला नाही.

आपल्याकडे आलेला कोणी असा खचला, तर त्याच्या हाताला नावे ठेवण्याआधी आपण त्याला पाणी कुठले दिले, ते पाहावे.