बिट्टी बेडकी आणि मुका रेडिओ

एक होती बेडकी. इटुकली पिटुकली. नाव तिचं बिट्टी.

खिडकीखाली बिट्टीची जागा. गार गार, ओली ओली. तिथे मातीत खिडकीतून आलेली एक तार पुरलेली. यमूआत्या रोज तिथे पाणी घालायची.

एक दिवस काय झालं? आत्या बसली रेडिओ जोडत. त्या नादात पाणी घालायला विसरली! जागा सुकून कोरडी ठाक. बिट्टीला रडूच आलं.

टुणुक टुणुक! बिट्टी खिडकीत चढली. काठावर पाण्याने भरलेलं फुलपात्र. टेबलापाशी आत्या, गाल फुगवून.

"आत्या, आत्या, पाणी दे. माझी जागा सुकली!"

"थांब गं बाई! माझ्या हातांनी रेडिओ जोडला, तर हा मुका! रेडिओचा कर्णा गाऊ दे, मग पाणी."

टुणुक टुणुक!

"कर्णोबा, कर्णोबा, गा ना!
आत्या पाणी देईना,
माझी जागा सुकली!"

कर्णा म्हणाला, "व्हॉल्व्ह आवाज वाढवू दे, मग."

टुणुक टुणुक! काचेचा व्हॉल्व्ह, बारक्या दिव्यासारखा. आत लाल लाल उजेड.

"व्हॉल्व्हदादा, व्हॉल्व्हदादा, आवाज वाढव ना!
कर्णा गाईना,
आत्या पाणी देईना,
माझी जागा सुकली!"

व्हॉल्व्ह म्हणाला, "कॉइल गाणं पकडू दे, मग."

टुणुक टुणुक! कॉइल बसली होती गोल गोल गुंडाळून.

"कॉइलताई, कॉइलताई, गाणं पकड ना!
व्हॉल्व्ह आवाज वाढवीना,
कर्णा गाईना,
आत्या पाणी देईना,
माझी जागा सुकली!"

कॉइल म्हणाली, "खालची तार मातीला चिकटू दे, मग."

टुणुक टुणुक! बिट्टी खिडकीखाली उतरली.

"तारबाई, तारबाई, मातीला चिकट ना!
कॉइल गाणं पकडीना,
व्हॉल्व्ह आवाज वाढवीना,
कर्णा गाईना,
आत्या पाणी देईना,
माझी जागा सुकली!"

तार म्हणाली, "चिकटू कशी? माती कोरडी! माती ओली होऊ दे, मग."

"अगं बाई! ही तर माझीच जागा!"

आता कुणाला विचारायचं? कुण्णाला नाही!

टुणुक टुणुक टुणुक! बिट्टीने उडी मारली थेट फुलपात्राच्या काठावर. डुगडुग... डुगडुग... फुलपात्र खिडकीखाली ठण्ण! पाणी खळ्ळळ!

माती ओली झाली.
तार मातीला चिकटली.
कॉइलने गाणं पकडलं.
व्हॉल्व्हने आवाज वाढवला.
कर्णा आधी खर्रर्र, मग कुंईंई, आणि मग... ढुम ढुम ढुमाक! गायला!

"लागला! माझा रेडिओ लागला!" आत्या नाचायलाच लागली. तिने खिडकीतून वाकून पाहिलं. चिखलात बिट्टी. काय तिची ऐट!

"अगो बिट्टे, पाणी घालायला मीच विसरले की!" आत्या हसली. "आता रोज तांब्याभर पाणी. आधी तुझी जागा, मग माझं गाणं!"

कर्णा गातो ढुम ढुमाक,
बिट्टी नाचते टुणुक टुणुक.
जागा ओली, बिट्टी ओली,
आमची गोष्ट गात गेली!